फॉरमॅट मारण्याआधी

मनोरमध्ये पीसीवरचा गेम मध्येच बंद पडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारून घे. दुसरा: ग्राफिक्स कार्ड टाक. पहिल्यात अख्खा दिवस जातो आणि बॅकअप घेतलेला नसेल तर घरचे फोटोही जातात. दुसऱ्याला बोईसरच्या कंपनीत हेल्परचं काम करणाऱ्याचा महिन्याचा पगारही अनेकदा पुरत नाही. मला हे दोन्ही सल्ले खुपतात. गेम कशामुळे पडला याची नोंद बहुतेक वेळा त्याच मशीनमध्ये असते आणि ती वाचायला एक रुपयाही लागत नाही.

आधी पडण्याचा प्रकार नीट बघायचा. गेम गायब होऊन थेट डेस्कटॉप दिसला, तर पहिला संशय मेमरीवर घ्यायचा. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला आणि गेम तेवढा मेला, तर ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळायचं. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तो ड्रायव्हर आपणहून नव्याने सुरू करतं. आणि अख्खा सीपीयूच बंद होऊन पुन्हा चालू झाला, तर सेटिंग्जशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिथे पॉवर सप्लाय आणि गरमी तपासायची. महामार्गालगतच्या घरांत प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचा जो थर बसतो, तो एकदा काढून बघितला की मे महिन्यातली अर्धी रीस्टार्ट थांबतात.

मस्तान नाक्याजवळच्या एका पोराचा पीसी अलीकडे समोर आला. सेकंडहँड घेतलेला. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेम जीटीए फाइव्ह.

"दादा, शहरातून गाडी बाहेर काढली की थोड्या वेळात उडतो. फॉरमॅट पण मारून झाला. रॅम गेली असेल ना?"

"थांब, आधी मशीन काय म्हणतंय ते बघू."

इव्हेंट व्ह्यूअर उघडला, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. गेम बंद पडला त्याच मिनिटाला पिवळ्या त्रिकोणाची एक नोंद होती, क्रमांक २००४. व्हर्च्युअल मेमरी कमी पडली, असं विंडोजने स्वतःच लिहून ठेवलं होतं आणि त्या क्षणी सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रामची नावंही दिली होती. वर गेम, खाली ब्राउझर. गाण्यांसाठी त्याने तो मागे चालू ठेवला होता.

मग टास्क मॅनेजर. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं, तर ८ जीबीऐवजी वापरायला ५.९ जीबीच उरलेली. बाकीची 'हार्डवेअर रिझर्व्हड' या ओळीत. रॅम गेली नव्हती. वेगळं कार्ड नसल्यामुळे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने आपल्यासाठी २ जीबी आधीच बाजूला काढून ठेवले होते. पण खरी गोम 'कमिटेड' या आकड्यात होती. तिथे तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे असतात: डावीकडे सध्याचा भार, उजवीकडे मर्यादा. उजवीकडचा आकडा रॅमपेक्षा मोठा दिसायला हवा, कारण त्यात पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोजने डिस्कवर राखलेली जागा, मिळवलेली असते. इथे तोही ५.९ होता. कुठल्याशा व्हिडिओत वेग वाढवायची युक्ती बघून त्याने पेजफाइल बंद केली होती, आणि फॉरमॅटनंतर परत बंद केली होती.

हे समजून घेण्यासारखं आहे. प्रोग्रामने मेमरी मागितली की विंडोज आधी तिची हमी देतं. प्रत्यक्ष रॅम त्यानंतर, लागेल तशी. तारण असेल तेवढीच उधारी देणाऱ्या दुकानदारासारखं ते हमीचा हिशेब काटेकोर ठेवतं. पेजफाइल बंद केली की तारण घटतं. मग गेम पुढच्या वस्तीतल्या इमारती आणायला मेमरी मागतो, नकार मिळतो, आणि बरेच गेम त्या नकाराला तोंड देऊ शकत नाहीत. ते तिथेच संपतात. पेजफाइल 'सिस्टिम मॅनेज्ड' केली, मशीन रीस्टार्ट केलं, कमिटची मर्यादा वाढलेली दिसली. अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं गेमच्या ग्राफिक्स मेनूत होतं. जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ साली आला. निवडलेल्या सेटिंग्ज मिळून किती व्हिडिओ मेमरी मागतात हे तो मेनू वरच्या पट्टीत दाखवतो, आणि या प्रामाणिकपणाबद्दल मला त्याचं कौतुक आहे. पण त्याच मेनूत 'इग्नोअर सजेस्टेड लिमिट्स' असं एक बटण आहे. ते चालू होतं, टेक्स्चर व्हेरी हाय होतं, कडा गुळगुळीत करणारं एमएसएए चौपट होतं. पट्टी लाल. चूक गेमची नव्हती; त्याने बजावलं होतं.

टेक्स्चर म्हणजे भिंत, रस्ता, कपडे यांवर चिकटवलेलं चित्र. कुठल्याही गेममधलं ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र घ्या. त्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त ठिपके. दर ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्राला ६४ एमबी. दाबून बसवलं तरी साधारण १६. आता समोरचा मॉनिटर बघा: १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. त्या एका भिंतीच्या चित्रातले सगळे ठिपके दाखवायला असे आठ मॉनिटरही किंचित कमी पडतील. चित्राची बाजू निम्मी केली की मेमरी चौथ्या हिश्शावर येते, आणि अशा पडद्यावर फरक शोधायला भिंतीला नाक लावून उभं राहावं लागतं. म्हणून पहिला हात नेहमी टेक्स्चरला घालावा आणि एकच पायरी खाली यावं. सगळंच लो करून गेम मातकट करणारे लोक विनाकारण हळहळतात.

एमएसएएचं गणित वेगळं. चौपट एमएसएए प्रत्येक ठिपक्याचे चार नमुने साठवतं, आणि गेम एक चौकट रंगवताना असे अनेक थर एकाच वेळी हाताशी ठेवतो. ते बंद करून त्याच कामाचं हलकं एफएक्सएए लावलं. कडा किंचित मऊ झाल्या, पण पट्टी मर्यादेच्या आत आली. एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचा, आणि त्याच रस्त्याने, गेममधल्या लॉस सँटोस ते पॅलेटो बे, गाडी हाकून बघायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे सुटलं ते कधीच कळत नाही.

जुन्या गेमची गोष्ट निराळी असते. ३२ बिटचा प्रोग्राम ४,२९,४९,६७,२९६ बाइटच्या, म्हणजे ४ जीबीच्या पलीकडे पत्ताच लिहू शकत नाही, आणि विंडोज त्यातला निम्माच त्याच्या वाट्याला देतं. २०११ साली आलेला स्कायरिम असाच अडकायचा. नंतरच्या एका अपडेटने त्याला ६४ बिट विंडोजवर पूर्ण ४ जीबी मिळाले. अशा गेमसाठी १६ जीबी रॅम घेऊन काहीच साधत नाही. हे न सांगता रॅम विकणाऱ्यांची मला चीड आहे.

सगळीच गेम इंजिनं अशी पडत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' ज्या अनरियल इंजिनवर बनला, त्यात टेक्स्चरसाठी ठरावीक वाटा राखलेला असतो. तो भरला की चित्रं धूसर दिसतात, गेम सहसा चालू राहतो. धूसर चित्र हाही मेमरीचाच निरोप असतो.

पुढे पैसे साठले तर काय घ्यावं, हेही त्या पोराने विचारलं. ग्राफिक्स कार्ड नको, आधी रॅमची दुसरी पट्टी. २४०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला १९.२ जीबी वाहतात, दोन पट्ट्यांतून ३८.४, आणि ज्या मशीनचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, तिथे हा फरक खेळताना जाणवतो. बोईसरला मिळाली तर उत्तम, नाहीतर डहाणू लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. जुन्या पट्टीचा वेग वाचून तसलीच घ्यायची. पावसाळ्यातल्या दमटपणाने सोनेरी दातांवर मळ चढला असेल, तर वीज काढून, खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे आणि चुरा झटकायचा. पट्टी बसवल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवायचा. एक जरी एरर आली तर पट्टी बदलून मिळेल, हे दुकानदाराशी पैसे देण्याआधीच बोलून ठेवायचं.