खडपांचा नकाशा आणि विरळ ॲरे

हवा स्वच्छ असेल तर वेंगुर्ल्याहून पश्चिमेला दूर समुद्रात खडपांचा एक पुंजका दिसतो. हेच वेंगुर्ले रॉक्स. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, एक दीपगृह उभे आहे, आणि भोवती नुसते पाणी.

समजा, या समुद्राचे उभे-आडवे हजार-हजार चौकोन पाडले. खडप असेल तिथे त्याची मीटरमधली उंची लिहायची, पाणी असेल तिथे ०. आकडे झाले दहा लाख, प्रत्येकाला ८ बाइट, म्हणजे एकूण ८० लाख बाइट. त्यात खडपाचे चौकोन जेमतेम ३०० धरू. मग इतकी शून्ये साठवायची कशाला?

केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी १९९० मध्ये आणलेल्या ‘जे’ या संगणकीय भाषेत आकड्यांच्या तक्त्याला ॲरे म्हणतात, आणि यासाठी तिच्यात विरळ ॲरे आहेत. ‘बाकी सगळीकडे ०’ हे एकदाच सांगायचे आणि खडपांची तेवढी नोंद ठेवायची: ओळ, स्तंभ, उंची. एका नोंदीला २४ बाइट, ३०० नोंदींना ७,२००. सगळ्या आकड्यांत २ मिळवा, तर ‘बाकी सगळीकडे’चा आकडा २ होतो आणि ॲरे विरळच राहतो. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

पण एका नोंदीला साध्या आकड्याच्या तिप्पट जागा लागते. म्हणून एकतृतीयांशाहून जास्त चौकोन भरले, की बचत संपून तोटा सुरू होतो. आणि ते भरायला वेळ लागत नाही. होडीवाल्याला हवे असते ते जवळच्या खडपापर्यंतचे अंतर. ते काढायला घेतले की पाण्याच्या प्रत्येक चौकोनात ज्याचा त्याचा आकडा येतो. ‘बाकी सगळीकडे’ म्हणण्याजोगे काही उरतच नाही. तोच ॲरे २४० लाख बाइटांचा होतो.

दुसरी अडचण भाषेचीच आहे. ‘जे’मधल्या सगळ्याच क्रिया विरळ ॲरेवर चालत नाहीत, काही ठिकाणी ‘नॉन्स एरर’ येते. तुमचे गणित चुकले असा तिचा अर्थ नाही. ही सोय अजून केलेली नाही, एवढेच ती सांगते. नवख्या माणसाला हे कोणीतरी आधीच सांगायला हवे, नाहीतर तो आपल्याच ओळी तपासत बसतो.

म्हणून खडपांची नोंद विरळ ॲरेत ठेवा, अंतराचा तक्ता मात्र साध्याच ॲरेत करा. ८० लाख बाइट आज खिशातल्या फोनलाही जड नाहीत.