नोटिशीआधीचा भरवसा

बदल करायचा म्हणजे फलकावर नोटीस लावायची, असा पुष्कळ वरिष्ठांचा समज असतो. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा सुरुवातीचा काळ त्यांनी पाहावा. जमशेदजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले; कापडधंदा त्यांनाही नवा. कामगारांना तर भोंग्याच्या वेळेवर जगायची सवयच नव्हती. लग्न, सण, घरात चार पैसे असणे, काहीही गैरहजेरीला पुरे.

नुसत्या दंडाने हे सुटले नसते. गिरणीने क्रीडादिन आणि बक्षिसे सुरू केली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघात भरपाई आणली. अशा भरपाईचा कायदा देशात झाला १९२३ मध्ये! यात गिरणीचा स्वार्थ होताच, पण ‘इथे टिकलात तर तुमचे भले आहे’ हा निरोप कामगारांना भाषणाऐवजी व्यवहारातून मिळाला.

आजच्या संगणकीकरणाला किंवा विलीनीकरणाला हेच लागू आहे. अडचण काय, कुणाचे काम बदलणार, शिकायला वेळ किती, हे थेट वरिष्ठाने सांगावे. ठरले नसेल तर तसेही सांगावे. नाहीतर चहाच्या टपरीवर अफवा शिजतात.

तुमच्या कार्यालयात बदल येत असेल, तर पहिल्याच बैठकीत साहेबांना विचारा: यात आमची जबाबदारी कोण घेणार?