गोळी भरकटते कुठे?

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत नऊ गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसतात आणि दहावी कागदावर सापडतच नाही, तेव्हा खापर आधी नेमबाजाच्या हातावर फुटते, मग वाऱ्यावर. दोघेही निर्दोष ठरले की नळीच्या पिळावर बोट ठेवले जाते: पीळ कमी पडतोय, जास्त पिळाची नळी बसवा. या सल्ल्याने कधी कधी रोगच बळावतो. गोळी भरकटण्याचे दोन अगदी निराळे प्रकार आहेत. एकात ती शाबूत असते, पण सरळ उडत नाही. दुसऱ्यात ती वाटेतच फुटते. पहिलीला गिरकी पुरत नाही, दुसरीला नळीतला प्रवासच सोसवत नाही. एकीचे औषध दुसरीला विष ठरू शकते, म्हणून नळी बदलण्याआधी पुरावा तपासायला हवा.

टोकदार गोळीवर हवेचा जोर तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो, त्यामुळे हवा तिला सतत उलटवू पाहते. नळीतल्या सर्पिल खाचांनी दिलेली गिरकी तिला सावरून धरते. किती पीळ हवा, याचे साधे सूत्र वुलिचचे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिले. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागायचे, सारे इंचांत. जे उत्तर येईल तेवढ्या इंचांत गोळीचा एक फेरा पूर्ण व्हायला हवा. ०.२२४ इंच व्यासाच्या आणि ०.९ इंच लांबीच्या गोळीला यातून सुमारे ८.४ इंच मिळतात. सूत्रात वजन कुठेच नाही, लांबी आहे. तरीही दुकानात पीळ विचारला जातो तो वजनावरून. सूत्रात नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे हवेची घनता. एम-१६ रायफलीच्या नळीत सुरुवातीला १४ इंचांत एक फेरा होता. उणे ५४ अंश सेल्सिअसच्या चाचण्यांत गोळ्या डुगडुगू लागल्या आणि १९६३ मध्ये तो १२ इंचांवर आणावा लागला. एवढ्या थंडीत हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ३० टक्के दाट असते. यावर, दारू वाढवून वेग वाढवला तर गिरकीही वाढेलच की, असे कोणी म्हणेल. वाढेल, पण वेगाबरोबर हवेचा उलटवणारा जोरही वाढतो. पिळासाठीच्या डॉन मिलर यांच्या नियमानुसार वेगात १० टक्के भर घातली तर स्थैर्य जेमतेम ३ टक्के वाढते. उलट ९ इंचांचा पीळ ८ इंचांवर आणला तर ते सव्वापट होते.

मग मिळेल तितका पीळ घेऊन मोकळे का होऊ नये? सेकंदाला ९१४ मीटर वेगाने ८ इंच पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी सेकंदाला ४,५०० फेरे घेते. ०.२२४ इंची गोळीच्या पृष्ठभागावरचा कण तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २ लाख ३० हजार पट प्रवेग सोसत असतो. तिच्या चिंधड्या या गिरकीनेच उडतात, असा समज त्यामुळे सहज होतो. पण तीच गोळी, तोच पीळ, तोच वेग असताना एका नळीत ती टिकते आणि जास्त लांब किंवा खरबरीत नळीत फुटते; गार नळीत टिकते, सलग झाडून तापलेल्या नळीत फुटते. गिरकी तर दोन्हीकडे सारखीच असते. अमेरिकेतल्या बर्जर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने या कोड्याचा पाठपुरावा केला, तेव्हा संशय घर्षणाच्या उष्णतेवर गेला. खाचा तांब्याच्या कवचाला घासतात, उष्णता आतल्या शिशाच्या कडेपर्यंत पोचते, आणि शिसे ३२७ अंशांनाच वितळते. वितळलेला गाभा कवचाला आधार देत नाही. पुढचे काम गिरकी करते. कंपनीने कवच जाड केलेल्या गोळ्या काढल्या, त्या टिकल्या. म्हणजे गिरकी शेवटचा घाव घालते खरी, पण तिला वाट करून देते ती उष्णता.

दोन्हींपैकी कोणता प्रकार आहे, हे ओळखायचे कसे? राल्फ फाउलर आणि सहकाऱ्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तोफगोळे ओळीने लावलेल्या पुठ्ठ्यांतून झाडले आणि भोकांच्या आकारावरून गोळ्याचा अक्ष कुठे किती कलला हे काढले. रेंजवर तीच युक्ती कागदाने साधते: २५, ५० आणि १०० मीटरवर एकेक कागद. सगळीच भोके लांबट आली तर संशय पिळावर. नऊ गोल आणि एक गायब, तीही नळी तापल्यावर, किंवा भोकाभोवती शिशाचा करडा फवारा उमटलेला, तर संशय गोळीवर. आडवे भोक म्हणजे पीळ कमीच, असेही नाही. नळीचे तोंड ठेचलेले असेल किंवा कवच फाटून गोळीचा तोल गेला असेल, तरी ती आडवी लागते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी नळी गार होऊ द्यायची, मग जाड कवचाची गोळी, आणि पीळ सर्वांत शेवटी.

१०० मीटरला गोल भोके पाडणारी गोळी ९०० मीटरला डगमगते, तेव्हा मात्र पीळ बहुधा निर्दोष सुटतो. भोवरा मंदावला की डुलतो, पण गोळीचे उलट असते. तिचा पुढचा वेग झपाट्याने घटतो, गिरकी सावकाश. त्यामुळे पुढे जाताना गिरकीची पकड वाढतच जाते. तिचा घात होतो तो ध्वनीच्या वेगाजवळ येताना, शेपटीभोवतीचा हवेचा प्रवाह बदलतो तेव्हा. याचे ठळक उदाहरण म्हणजे सिएरा कंपनीची १६८ ग्रेन वजनाची मॅचकिंग गोळी. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी बनवलेली ही गोळी तिथे अव्वल, पण हजार यार्डांजवळ डळमळण्यासाठी बदनाम. तिची निमुळती शेपूट १३ अंशांनी उतरते. १७५ ग्रेनच्या भावंडाची ९ अंशांनी. अमेरिकी लष्कराने लांब पल्ल्यासाठी १७५ ग्रेनची गोळी घेतली, आणि त्यासाठी नळ्यांचा पीळ बदलावा लागला नाही.