किनाऱ्यावर वीज नाही, मग सरकती खोली आत कशी घ्यायची?

सुट्टीत हॉटेल नको, चाकांवरचं घरच भाड्यानं घेऊ, असा बेत आता आपल्याकडेही होऊ लागला आहे. राज्य सरकारचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, आणि अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव हे किनारे तर आपल्या वसई-विरारकरांच्या अंगणातलेच. यातल्या बहुतेक गाड्या साध्या असतात. पण एखादीला टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकणारी खोली असते. (शूटिंगच्या काही मोठ्या गाड्यांना असते ना, तशी. नायगावकडे कदाचित तुम्ही पाहिलीही असेल.) बटण दाबलं की भिंत दोन-तीन फूट पुढे जाते आणि सासूबाईंना पाय पसरायला जागा होते.

आता सुरूच्या बनात विजेची जोडणी कुठली मिळायला? पण मैत्रिणींनो, या खोलीची मोटर बहुधा घरातल्यासारख्या विजेवर नसतेच. ती चालते गाडीतल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. खोली सरकायला जेमतेम अर्धा-एक मिनिट लागतो, मात्र तेवढ्यात मोटर बॅटरीतून भरपूर प्रवाह ओढते. दिवे मंदावले, मोटर कण्हू लागली, की लगेच थांबा. बटण तसंच दाबून धरलं तर फ्यूज उडतो, मोटरही जळू शकते.

खरी पंचाईत खोली बाहेर काढताना होत नाही, आत घेताना होते. रात्रभर पंखा, फ्रीज, मुलांचे मोबाइल, आणि पहाटे बॅटरीनं मान टाकलेली! खोली बाहेर असताना गाडी हलवायची नसते. आणि समुद्र काही तुमच्यासाठी थांबत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी कुठवर येतं, ते तिथल्या कोळणीलाच विचारावं. म्हणून गाडी वाळूत उतरवूच नका. वर, पक्क्या सपाट जमिनीवर लावा. गाडी कलती असली तर खोली वाकडी सरकून अडकते.

जुलै २०१८ च्या पुरात ज्यांनी इन्व्हर्टरवर एकच दिवा लावून रात्र काढली, त्यांना बॅटरीचा हिशेब शिकवायला नको. इथेही तेच. पंखे-दिवे बंद करून थोड्या वेळानं मीटर पाहा. साधी ॲसिडची बॅटरी भरलेली असली की १२.६ च्या आसपास आकडा दिसतो; १२.२ झाला म्हणजे निम्मी संपली. तिथून पुढे पंखा बंद, पुठ्ठ्यानं वारा घ्या! लिथियम बॅटरीचे आकडे निराळे, ते मालकाकडून समजून घ्या. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवलं की मोटरला जोर मिळतो, काहींत इंजिन चालू असताना खोली हलतच नाही. तेही आधीच विचारावं.

आणखी एक गोष्ट गाडी ताब्यात घेतानाच विचारा: बॅटरी अगदीच बसली तर खोली हातानं आत घ्यायची सोय कुठे आहे? पुष्कळ गाड्यांना त्यासाठी दांडा असतो. तो नुसता दाखवू नका म्हणावं, फिरवून दाखवा. माझ्या मते चादरी-उशा तपासण्यापेक्षा हे महत्त्वाचं; पण आपण बायका आधी चादरीच उलगडतो, हो ना?

निघताना मुलांना लांब उभं करा. खोलीच्या छपरावर सुरूच्या काड्या आणि वाळू साचलेली असते, ती मऊ केरसुणीनं झाडून मगच बटण दाबा. नाहीतर काड्या आत ओढल्या जाऊन कडेचं रबर फाटतं आणि पुढच्या सरीला पाणी थेट गादीवर.