ई-ग्रंथाचे अंतरंग : भ्रमणध्वनीवर पुस्तक कसे उलगडते?

ग्रंथ ताडपत्रावर असो, कागदावर असो की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असो, वाचकाची त्याच्याकडून एकच अपेक्षा असते. लेखकाने जे लिहिले ते, ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने आणि शुद्ध अक्षरांत आपल्यापर्यंत पोहोचावे, ही ती अपेक्षा होय. छापील पुस्तकात ही जबाबदारी मुद्रक, मुद्रितशोधक आणि बांधणीकार पार पाडतात. ई-ग्रंथात तिचा मोठा भाग वाचन-ॲपवर येऊन पडतो. हे ॲप आपले काम कसे करते आणि मराठी व पाली ग्रंथांच्या बाबतीत ते कोठे चुकण्याचा संभव असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

ई-ग्रंथांचे प्रमुख प्रकार दोन. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाची मांडणी कायमची ठरलेली असते. त्यामुळे लहान पडद्यावर पान मोठे करून इकडेतिकडे सरकवावे लागते. ईपब या प्रकारात मजकूर प्रवाही असतो. तो पडद्याच्या रुंदीप्रमाणे आणि वाचकाने निवडलेल्या अक्षरांच्या आकाराप्रमाणे नव्याने मांडला जातो. ईपबचे मानक २००७ साली स्वीकारले गेले, त्याची तिसरी आवृत्ती २०११ साली आली आणि २०१७ पासून ते वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेच्या अखत्यारीत आहे.

पेटी आणि तिच्यातील ऐवज

‘पिटक’ या शब्दाचा अर्थ पेटी किंवा करंडी, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. ईपब ही वस्तुतः अशीच एक पेटी आहे. बाहेरून ती एकच फाइल दिसते, परंतु आत झिप पद्धतीने आवळून ठेवलेल्या अनेक लहान फाइली असतात. त्यांत प्रकरणे, चित्रे, अक्षरसंच आणि मांडणीचे नियम असतात.

ॲप ही पेटी चार पायऱ्यांनी उघडते. सर्वप्रथम ते पेटीतील पहिली फाइल पाहते. तीत ‘हा ईपब ग्रंथ आहे’ असे सांगणारी अवघ्या २० अक्षरचिन्हांची खूण असते आणि ती न आवळता ठेवलेली असते. दुसऱ्या पायरीवर ॲप एका ठरावीक नावाची, ठरावीक जागी असलेली फाइल वाचते. ग्रंथाचे मुख्य सूचिपत्र कोठे आहे, एवढेच ती सांगते. तिसरी पायरी म्हणजे हे सूचिपत्र वाचणे. त्याचे तीन भाग महत्त्वाचे : ग्रंथनाम, लेखक व भाषा यांची नोंद, पेटीतील सर्व वस्तूंची यादी, आणि त्या वस्तूंपैकी कोणत्या कोणत्या क्रमाने वाचावयाच्या याची मालिका. या मालिकेस इंग्रजीत ‘स्पाइन’, म्हणजे पाठीचा कणा, म्हणतात. चौथ्या पायरीवर अनुक्रमणिका वाचून तिच्यातील प्रत्येक नोंद मजकुरातील योग्य स्थळाशी जोडली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वाचनाचा क्रम हा केवळ या कण्यावरूनच ठरवावयाचा असतो. काही घाईने बनविलेली ॲपे फाइलींच्या नावांवरून क्रम लावतात. अशा वेळी दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी येऊ शकते, कारण अक्षरानुक्रमाने लावताना ‘१०’ हा ‘२’ च्या अगोदर येतो. ग्रंथाने आपला क्रम स्वतःच सांगितलेला असताना ॲपने अनुमान करण्याचे प्रयोजन नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. प्रकरणांचा मजकूर एक्सएचटीएमएल या काटेकोर भाषेत असतो. एखादी खूण बंद करावयाची राहिली, तर कडक नियमांचे ॲप त्या ठिकाणी थांबते. थांबणे हा दोष नव्हे, परंतु वाचकास न सांगता ते प्रकरण गाळून पुढे जाणे हा दोष होय. कारण जे गळले ते मुळात होते, हेच वाचकास कळत नाही. सबब, ‘हे प्रकरण वाचता आले नाही’ असे स्पष्ट सांगणे हे प्रामाणिक ॲपचे पहिले लक्षण मानले पाहिजे.

पान आणि स्थळ

मजकूर पडद्यावर आणण्यासाठी बहुतेक ॲपे ब्राउझरच्याच यंत्रणेचा आधार घेतात. संपूर्ण प्रकरण पडद्याएवढ्या रुंदीच्या स्तंभांत मांडले जाते आणि पान उलटणे म्हणजे पुढच्या स्तंभाकडे सरकणे. अक्षर मोठे केले की स्तंभ वाढतात आणि पृष्ठांक बदलतात. म्हणून वाचनखूण पृष्ठांकावर न ठेवता मजकुरातील स्थळावर, म्हणजे अमुक प्रकरणातील अमुक परिच्छेदाच्या अमुक अक्षरावर, ठेवावी लागते. अभ्यासकास मात्र संदर्भासाठी छापील पृष्ठांक हवे असतात. प्रकाशकाने छापील पानांच्या खुणा ग्रंथात घातल्यास ईपबमध्ये तीही सोय आहे.

देवनागरीची कसोटी

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ संकेतस्थाने आहेत. ‘बुद्ध’ हा शब्द दिसावयास दोन अक्षरी, पण साठविताना ब, उकार, द, हलन्त आणि ध अशी पाच चिन्हे होतात. रूढ यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हास तीन, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. फाइल तुकड्या-तुकड्यांनी वाचताना ॲपने एखाद्या चिन्हाच्या मध्येच तुकडा पाडला, तर अक्षराऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. जोडाक्षरे जुळविणारी यंत्रणा नसेल, तर हलन्ताचे पाय मोडलेले दिसतात.

शोधाची अडचण याहून मोठी आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ हा एका चिन्हाने लिहिता येतो आणि ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांस दोन्ही सारखेच, परंतु संगणकास भिन्न. पाली ग्रंथांत ‘संघ’ हा शब्द ‘सङ्घ’ असाही लिहिला जातो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सिद्ध केलेल्या छट्ठसंगायनाच्या देवनागरी पाठात हेच दुसरे रूप आढळते. ॲपने अशी रूपे एकाच रूपात आणून तुलना केली नाही, तर अभ्यासक एक रूप शोधतो, उत्तर ‘नाही’ असे येते आणि शब्द मात्र त्याच पानावर असतो. चुकीच्या निष्कर्षाचे मूळ अशा ठिकाणी असते.

जुन्या अक्षरसंचांचा प्रश्न

आपल्याकडील लहान प्रकाशनांची कितीतरी पुस्तके व नियतकालिके १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळविली गेली. त्या फाइलींत वस्तुतः रोमन चिन्हांचे संकेत असतात. विशिष्ट अक्षरसंचामुळे ते केवळ मराठी दिसतात. तो अक्षरसंच नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. शिवाय क्रमही निराळा असतो. युनिकोडमध्ये ‘धर्म’ शब्दातील ‘र’ हा ‘म’च्या आधी साठविला जातो, जुन्या पद्धतीत रफार ‘म’नंतर येतो. ऱ्हस्व इकाराचे नेमके उलट आहे. म्हणून केवळ चिन्हास चिन्ह बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो आणि शेवटी मुद्रितशोधकाने मूळ प्रतीशी ताडून पाहावेच लागते.

प्रकाशन-संस्थांनी या संदर्भात तीन गोष्टी कराव्यात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणून त्यांची शुद्ध प्रत जपावी. ग्रंथाची भाषा मराठी की पाली याची नोंद सूचिपत्रात अचूक करावी, कारण तिच्याच आधारे मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ निवडले जातात आणि अंध वाचकांसाठीचे वाचकयंत्रही योग्य उच्चार निवडते. तसेच प्रसिद्धीपूर्वी ‘ईपबचेक’ या विनामूल्य साधनाने ग्रंथ तपासावा. ही तपासणी काही मिनिटांची आहे. ती टाळल्यास गाळलेले प्रकरण किंवा मोडलेले अक्षर प्रत्येक प्रतीबरोबर पसरते आणि एकदा वाचकांच्या हाती गेलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत.