वणवा विझल्यावर मुलांचे काय?

आग लागली की बंब येतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, पुढारी येऊन जातात. कोणी ब्लँकेटे वाटतो, कोणी खिचडी. आठ-दहा दिवसांत सारे थांबते. जळालेल्या घरातली माणसे मात्र तिथेच असतात. त्यांच्या मुलांना पुढची दोन-चार वर्षे काय सोसावे लागते, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या वणव्यानंतर असा हिशेब ठेवला गेला. तो आपल्या माता-भगिनींनी, तरुण मंडळांनी आणि शिक्षकांनी समजून घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

काळा शनिवार

७ फेब्रुवारी २००९, शनिवारचा दिवस. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अनेक वर्षांचा दुष्काळ होता. त्या दिवशी मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंशांवर गेला आणि सोसाट्याचा वारा सुटला. नीलगिरीची वाळलेली जंगले पेटली. किल्मोर ईस्ट इथला वणवा विजेची तार तुटल्याने लागला. त्या एकाच वणव्याने ११९ जणांचा बळी घेतला. सर्व वणवे मिळून १७३ माणसे मेली आणि दोन हजारांवर घरे जळाली. मेरिसव्हिल हे गाव तर जवळजवळ पुसले गेले. स्ट्रॅथवेन या छोट्या गावात शाळाही जळाली.

सरकारने काही दिवसांतच पुनर्वसनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले. त्याची सूत्रे राज्याच्या तेव्हाच्या पोलीस प्रमुख क्रिस्टीन निक्सन यांच्याकडे दिली. लोकांनी ३७ कोटींहून अधिक डॉलर मदतनिधी दिला. मेरिसव्हिल, किंगलेक, फ्लॉवरडेल इथे तात्पुरत्या वसाहती उभ्या राहिल्या. किल्मोर ईस्टच्या लोकांनी एकजुटीने दावा लढवला. २०१४ साली सुमारे ४९ कोटी डॉलर भरपाईवर तो मिटला. दावा मिटायलाच पाच वर्षे लागली, हे ध्यानात घ्यावे.

एक चांगली सोय त्यांनी केली. ज्या कुटुंबांना हवा होता, त्यांना सरकारतर्फे एक मदतनीस दिला. विमा, घर, डॉक्टर, शाळा, अनुदान अशा सर्व कामांसाठी कुटुंबाने त्या एकाच माणसाला विचारायचे. घर गमावलेल्या बाईला दहा खिडक्यांवर दहा वेळा तीच दुःखाची कहाणी सांगावी लागू नये, हा त्यामागचा विचार.

दोन वर्षांनी दिसलेले नुकसान

मेलबर्न विद्यापीठातील लिसा गिब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांचा अनेक वर्षे अभ्यास केला. बहुतेक माणसे हळूहळू सावरली. पण ज्या गावांना जास्त झळ बसली, तिथे दहा वर्षांनंतरही साधारण पाचांतला एक माणूस मानसिक त्रासात होता.

मुलांच्या बाबतीत त्यांनी २४,६४२ विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण तपासले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिसरी ते पाचवी या काळात वाचन आणि गणितात मुलांची जेवढी प्रगती व्हायला हवी, तेवढी आगग्रस्त भागातल्या शाळांत झाली नाही. आणि ही घट वणव्यानंतर दोन ते चार वर्षांनी मोजलेली होती! म्हणजे मदतीची गाडी परत गेल्यानंतर, मूल आता ठीक आहे असे सर्वांना वाटत असताना, ते अभ्यासात मागे पडत होते. अशा मुलाला आपण काय म्हणतो? 'ढ' म्हणतो, 'लक्ष देत नाही' म्हणतो. शिक्षण हीच ज्यांची सारी पुंजी आहे, त्या घरांना ही गोष्ट फार महागात पडते.

आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आपण बोलायला कचरतो. जास्त झळ बसलेल्या भागांत स्त्रियांनी हिंसेच्या तक्रारी अधिक सांगितल्या, आणि त्याचा संबंध घटलेल्या उत्पन्नाशी दिसला. घर गेले, धंदा गेला, आणि राग घरातल्या बाईवर निघाला. 'एवढ्या संकटात नवऱ्याची तक्रार कुठे करायची', असे तिला वाटते. तिथे शेजारणींनी आणि महिला मंडळाने तिच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

दिलाशाची बाबही आहे. गावातल्या एखाद्या मंडळात, खेळाच्या संघात, भजनी गटात माणूस सामील असला, तर त्याचे मन अधिक सावरलेले आढळले. स्ट्रॅथवेनच्या शाळेने पुढे अग्निशमन दलाच्या मदतीने मुलांना आगीचे शास्त्र शिकवायला घेतले. वारा कसा वाहतो, आग केव्हा भडकते, बाहेर केव्हा पडायचे, हे मुलेच शिकू लागली. जे कळते त्याची भीती कमी होते.

आपल्या वस्तीत

आपल्याकडे जंगलापेक्षा झोपडपट्टीच्या आगी अधिक. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवलीच्या दामूनगरात सिलिंडरचे स्फोट झाले आणि शेकडो घरे राख झाली. अशा वेळी आपण काय करू शकतो?

पहिले काम कागदांचे. मी कारकून माणूस, कागदाची किंमत मला ठाऊक आहे. तहसील कार्यालयाकडून पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी. वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुलांनी एक वही घालावी. कोणाचे रेशनकार्ड गेले, कोणाचा जातीचा दाखला, कोणाची गुणपत्रिका, याची यादी करावी आणि अर्ज एकत्र द्यावेत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जन्मतारीख आणि इतर नोंदी असतात. तिथून पुष्कळ कागद पुन्हा उभे राहतात. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे, पण ठामपणे सांगावे.

दुसरे काम मुलाच्या मनाचे. आगीनंतर मूल अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, आवाज झाला की दचकते, उगाच भांडते. मारू नये, हिणवू नये. ते बोलले तर ऐकावे, पण खोदून खोदून विचारू नये. चित्र काढू द्यावे, खेळू द्यावे. 'पुन्हा आग लागेल का?' असे विचारले तर खोटे सांगू नये. 'लागली तर आपण काय करायचे' ते दाखवावे. जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा लवकरात लवकर पूर्वीसारख्या कराव्यात. पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे अशी छोटी कामे द्यावीत. आपलाही हातभार लागतो, हे मुलाला कळले पाहिजे. महिन्याभरानेही मूल सावरले नाही, तर सरकारी रुग्णालयात दाखवावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा फुकट सल्ला देते. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

तिसरे काम अभ्यासाचे, आणि ते सर्वांत लांबचे. विहारात किंवा समाजमंदिरात रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवावी. कॉलेजातल्या मुला-मुलींनी वाचन आणि गणित घ्यावे. हे दोन-तीन महिन्यांत बंद करू नये. किमान चार वर्षे चालवावे, कारण तिकडच्या मुलांचे नुकसान तेवढ्या काळापर्यंत दिसत होते.

आणि शेवटी आईबापांविषयी. मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून आपले भय मोजते. म्हणून घर उभे करताना आईला दोन घटका विसावा मिळावा, बापाने दारूचा आधार घेऊ नये, याकडे नातेवाईकांनी लक्ष द्यावे. पहिल्या दिवशी भांडी-कपडे देणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांनी त्या घरी जाऊन 'पोराचा अभ्यास कसा चाललाय?' असे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत असावा. मंडळांनी पुढच्या सभेत हे काम कोणाकडे द्यायचे, ते नावानिशी ठरवावे.