तळाच्या जाळीसाठी कायदा

जून 2002. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची 7 वर्षांची नात गरम पाण्याच्या स्पामध्ये तळाच्या जाळीला चिकटली. आईला ती सोडवता येईना. दोन पुरुषांनी जोर लावला, जाळी मोडली. मुलगी मात्र वाचली नाही.

इथे पोहता येणं कामाला येत नाही. पंप फिल्टरसाठी तळाच्या जाळीखालच्या तोंडातून सतत पाणी खेचतो. अंगाने ते तोंड पूर्ण झाकलं, की आतला दाब झपाट्याने उतरतो आणि बाहेरचा दाब शरीराला तिथेच दाबून धरतो. 20 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर अर्ध्या वातावरणाचा फरक पडला, तरी ओढ सुमारे 160 किलो वजनाएवढी!

नातीच्या नावाचा कायदा डिसेंबर 2007 मध्ये झाला, वर्षभराने लागू झाला. सार्वजनिक तलावांना प्रमाणित जाळ्या सक्तीच्या झाल्या. झाकलं जाईल असं एकच तोंड असेल, तर पंप आपोआप थांबवणारी यंत्रणा किंवा तशी दुसरी सोयही हवी. ही दुसरी अट मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण जाळ्या तुटतात.

तळाची जाळी मोडकी दिसली तर पाण्यात उतरू नका. कुणी अडकलंच, तर ओढत बसण्याआधी पंप बंद करा.